उन्हाळ्यातली प्रगती

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या माणसाला उन्हाळ्याची सुट्टी नसते. त्याला नुसता उन्हाळा असतो. सुट्टी कुणीतरी द्यावी लागते. शाळेत ती हेडमास्तर देतात, नोकरीत साहेब देतात, आणि देतानाच ती कधी संपणार हेही सांगून ठेवतात. पीएचडीवाल्याला कुणी काही देत नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी काही मागतही नाही. मेच्या मध्यावर सेमिस्टर संपतं, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवं सुरू होतं आणि मधल्या काळात त्याने प्रबंध लिहावा अशी सर्व संबंधितांची सदिच्छा असते. सदिच्छेला मुदत नसते आणि दंडही नसतो. त्यामुळे इथलं प्रत्येक सुख चोरून घ्यावं लागतं, आणि चोरून खाल्लेल्या बेसनाच्या लाडवाची गोडी ताटात वाढलेल्याला नसते, हे काही वेगळं सांगायला नको.

मी विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी असे काही उन्हाळे काढले आहेत. माझा विषय नीरेच्या कालव्याचा इतिहास. बारामतीकडच्या माणसाने नीरेच्या पाण्यावर लिहायला सातासमुद्रापार कशाला जायला हवं, हा प्रश्न गावातल्या झाडून सगळ्यांनी विचारून झालेला असल्यामुळे उत्तर पाठ आहे. तिकडे पाणी बघितलं की भाऊबंदकी आठवते, इकडे पाणी बघितलं की नुसतं पाणी दिसतं. आणि पाण्याला इथे तोटा नाही. मेंडोटा आणि मोनोना या दोन तलावांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव वसलं आहे. शिवाय हे तलाव हिवाळ्यात गोठतात. मेंडोटा कधी गोठला आणि कधी सुटला याची नोंद इथली माणसं १८५०च्या दशकापासून ठेवत आली आहेत. आमच्याकडे पाटकऱ्याने परवाची पाळी कुणाला दिली, याचीही धड नोंद सापडत नाही.

उन्हाळ्यातल्या सुखांना एक अट असते: ती फुकट असावीत, निदान फुकटाच्या जवळपास. कारण टीएचा, म्हणजे शिकता शिकता शिकवणाऱ्याचा, पगार नऊ महिन्यांचा असतो. उरलेले तीन महिने विद्यापीठ तुमच्या पोटाबद्दल तत्त्वतः उदासीन असतं. एफ-१ व्हिसावर बाहेर जाऊन हॉटेलात भांडी घासावीत म्हटलं तर तीही सोय नाही. काम करायचं ते कॅम्पसवर. ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावण्याचं काम मिळालं तर नशीब उघडलं म्हणायचं.

पहिलं सुख मेमध्येच मिळतं, ते म्हणजे वेळापत्रक करण्याचं. सेमिस्टर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पीएचडीवाला मोठा कागद घेऊन बसतो. मे अखेर पहिलं प्रकरण. जूनमध्ये दुसरं. जुलैमध्ये तिसरं आणि जमलंच तर प्रस्तावना. ऑगस्टमध्ये 'फक्त तळटीपा'. वेगवेगळ्या रंगांची स्केचपेनं आणली जातात. रविवारी विश्रांती ठेवली जाते, म्हणजे वेळापत्रक माणुसकीला धरून आहे असं वाटतं. सगळं भिंतीवर चिकटवून चार पावलं मागे जाऊन बघितलं की प्रबंध संपल्याचं समाधान असं भरून येतं, की त्यानंतर लगेच कामाला लागणं बरं दिसत नाही.

मग माणूस तलावावर जातो. मेमोरियल युनियन ही विद्यार्थ्यांची इमारत १९२८ सालची, आणि तिच्या मागे तलावाला लागून टेरेस आहे. टेरेस म्हणजे गच्ची नव्हे; पाण्यापर्यंत उतरत गेलेलं फरसबंद अंगण. तिथे पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या रंगाच्या लोखंडी खुर्च्या असतात, पाठीवर उगवत्या सूर्याची किरणं कापलेल्या. या खुर्च्या बाहेर आल्या की मॅडिसनमध्ये उन्हाळा आला, मग बाहेर बर्फ का पडेना. खुर्चीत बसायचं, दुसरी खुर्ची ओढून तिच्यावर पाय ठेवायचे आणि लॅपटॉप मांडीवर उघडायचा. उन्हात पडद्यावरचं काहीही दिसत नाही. हा त्या जागेचा सर्वांत मोठा गुण आहे. माणूस काम करताना दिसतो आणि काम मात्र त्याला दिसत नाही.

इथे बिअरही मिळते. अमेरिकेतली दारूबंदी उठू लागली त्या १९३३ साली विद्यार्थ्यांना बिअर देणारी ही सरकारी विद्यापीठांतली पहिली युनियन. ही माहिती मी घरी सांगितलेली नाही. जूनमध्ये इथे पावणेनऊपर्यंत उजेड असतो. संध्याकाळ झाली की कामाला बसू असं ठरवलेल्या माणसाची त्यामुळे फारच सोय होते, कारण संध्याकाळ होतच नाही.

याच टेरेसवर एका जुलैत माझे अ‍ॅडव्हायझर दिसले. ते उन्हाळ्यात 'अप नॉर्थ' असतात, म्हणजे राज्याच्या उत्तरेला कुठल्यातरी तळ्याकाठच्या झोपडीत पुस्तक पुरं करत असतात, अशी विभागात समजूत आहे. प्रत्यक्षात ते माझ्यापासून तीन खुर्च्यांवर बसून आइस्क्रीम खात होते. कोन वितळून मनगटावरून कोपराकडे निघाला होता आणि ते एकाग्र होऊन त्याच्यामागे लागले होते. मी त्यांना पाहिलं. त्यांनी मला पाहिलं. दोघांनाही पळायला जागा नव्हती.

"मग, लेखन कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"छान. आणि तुमचं पुस्तक?"

थोडा वेळ दोघांनीही तलावाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, की यंदा पाणी बरंच स्वच्छ आहे. मी म्हटलं, हो, बरंच. त्या क्षणी आमच्यात जो करार झाला त्यावर कुणाची सही नाही, पण दोन्ही बाजूंनी तो आजतागायत पाळला गेला आहे. नंतर कळलं, की इथल्या बहुतेक प्राध्यापकांचा पगारही नऊच महिन्यांचा असतो. तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल गुरुभाव कमी आणि बंधुभाव जास्त वाटतो.

आइस्क्रीमचं म्हणाल तर ते विद्यापीठाच्याच डेअरीचं, बॅबकॉकचं. स्टीफन बॅबकॉक इथले प्राध्यापक. दुधातली स्निग्धता मोजायची सोपी, स्वस्त पद्धत त्यांनी १८९० साली काढली. पाणी घालणाऱ्याला आणि साय काढून घेणाऱ्याला चाप बसला. माझा रूममेट कोल्हापूरचा, घरी म्हशी असलेला. त्याला ही हकिकत कळल्यापासून तो बॅबकॉकच्या दुकानात चप्पल काढून जायचा तेवढा बाकी आहे. पण दुधात फसवून घ्यायचं नाही हे रक्तातच. कोनचा पहिला घास घेतला की डोळे मिटतो आणि विचारतो, "किती लागली असंल रे फॅट, भावा?" मी म्हणतो, बारा. तो मान हलवतो. "चौदा. लावतोस पैज?" गॅलरीच्या काचेतून आइस्क्रीम बनताना बघायची सोय आहे. तिथे तो जितका वेळ उभा राहतो, तितका वेळ त्याचा स्वतःचा प्रयोगशाळेतला प्रयोग कधीच चालत नाही.

शनिवारी सकाळी कॅपिटॉलच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९७२ पासून भरतो आहे. मधोमध विधानभवनाचा पांढराशुभ्र घुमट, भोवती चारी बाजूंना पालं आणि माणसांचा लोंढा. पण हा लोंढा जातो उलटा, घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध दिशेने. तसा अलिखित नियमच आहे. पहिल्यांदा आम्ही सवयीने देवळातल्यासारखे डावीकडून निघालो आणि समोरून येणाऱ्या बाबागाड्या, कुत्री आणि झेंडूचे गुच्छ घेतलेल्या म्हाताऱ्या अंगावर घेत अर्ध्या चौकापर्यंत गेलो. नागपूरचा मित्र म्हणाला, "विधानसभेले उलटीच प्रदक्षिणा बरी बे." तेव्हापासून आम्ही उलटे फिरतो.

बाजारात चीजचे ताजे कर्ड मिळतात. पनीरच्या तुकड्यासारखे दिसतात, पण ताजे असले की दाताखाली चुंई चुंई वाजतात. नमुना फुकट चाखायला देतात, त्यामुळे ताजेपणाची खात्री आम्ही बऱ्याच पालांवर करून घेतो. ऑगस्टात मक्याची कणसं येतात, डझनावर. डझन कणसं घेतली की ती उकडून लोणी लावून खायची, अशी इथली रीत. ती आम्हाला मान्य नाही. कणीस भाजलंच पाहिजे, त्याला लिंबू चोळलंच पाहिजे आणि तिखटमीठ लावताना ठसका लागलाच पाहिजे. आमच्या स्वयंपाकघरात मात्र विजेची शेगडी आणि छताला धुराचा भोंगा. त्यामुळे कणीस भाजणं हा तिघांचा उद्योग होतो. एकाने तारेच्या जाळीवर कणीस फिरवायचं, दुसऱ्याने खुर्चीवर उभं राहून भोंग्याखाली टॉवेल हलवायचा आणि तिसऱ्याने दार उघडं धरून जिन्यातून जाणाऱ्या शेजाऱ्यांकडे बघून हसायचं. भोंगा तरीही वाजतोच. पण तोवर कणसाला काळे डाग पडलेले असतात, आणि त्या वासापुढे कुणी कुणाला बोलत नाही.

कणसाच्या आधी मे-जूनमध्ये आंबा येऊन गेलेला असतो. २००७ पर्यंत आपला आंबा अमेरिकेत येऊच शकत नव्हता. त्यातून कीड येईल ही भीती. मग आंब्यावर किरणांचा मारा करून पाठवायचं ठरलं, आणि ही सोय पहिल्यांदा झाली ती लासलगावला. म्हणजे देवगडच्या हापूसने तेव्हा अमेरिकेला यायचं तर आधी कांद्याच्या गावी जाऊन गॅमा किरण अंगावर घ्यायचे. एवढ्या दिव्यातून गेलेल्या फळाची पेटी पन्नास डॉलरच्या घरात गेली तर तक्रार तरी कशी करायची? आम्ही वर्गणी काढून एक आणतो. फोडी वाटण्यात भांडण नाही; वजनकाटा आहे. भांडण बाठ्याचं. एक जण रसायनशास्त्रात, एक अर्थशास्त्रात, एक इतिहासात, आणि बाठ्याचं समन्यायी वाटप कुणालाच जमलेलं नाही. शेवटी जो कापेल त्याचा बाठा असं ठरलं. तेव्हापासून सगळे एकदम सुरी शोधायला उठतात.

ग्रंथालयातलं सुख मात्र एकट्याने घ्यायचं. मेमोरियल लायब्ररीत पीएचडीवाल्यांना बसायला जाळीच्या कोठड्या असतात. त्यांना म्हणतातही 'केज', म्हणजे पिंजराच. दाराला कुलूप, आत टेबल, दिवा आणि एक फळी. आतला माणूस बाहेरून दिसतो, पण तो काय वाचतोय हे दिसत नाही. माझ्या पिंजऱ्यात नीरा कालव्याचे अहवाल समोर रचलेले असतात आणि मांडीवर मराठी कादंबरी.

ही मराठी पुस्तकं इथे आली कशी, ही गोष्ट मात्र इतिहासवाल्याला शोभेल अशी आहे. पी. एल. ४८० नावाचा अमेरिकन कायदा १९५४ सालचा. त्याखाली अमेरिकेने आपल्याला गहू दिला आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये न घेता रुपयांत घेतले. रुपये साठले. त्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कचेरीने १९६२ पासून भारतात छापलेली पुस्तकं विकत घेतली आणि निवडक अमेरिकन विद्यापीठांना पाठवली. विस्कॉन्सिन त्यांतलं एक. आमचे आजोबा रेशनच्या रांगेत त्या तांबड्या गव्हाला नावं ठेवत उभे होते, 'याच्या पोळ्या की चामडं?' असं म्हणत होते, तेव्हा त्यांच्याच पैशातून विकत घेतलेली कथा-कादंबऱ्यांची खोकी अमेरिकेच्या वाटेवर होती. कित्येक पुस्तकांच्या शेवटच्या पानावरच्या तारखांच्या कागदावर एकही शिक्का नाही. साठ वर्षं कुणी हात लावलेला नाही. आजोबांनी गहू खाल्ला, नातवाने पुस्तक वाचलं. एवढ्या जुन्या व्यवहाराची वसुली चालू असताना प्रबंधासारखी किरकोळ गोष्ट मध्ये आणू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

प्रबंध मध्ये आणण्याचं काम घरची माणसं करतात. रविवारी व्हिडिओ कॉल असतो.

"अरे, सुट्टी लागली ना? मग ये की इकडे."

"आई, सुट्टी नसते गं. लिहायचं असतं."

"मग लिहितोयस ना?"

"आई, उन्हाळा आहे."

आईला यातली विसंगती लगेच दिसते, पण मुलगा वाळलेला आहे की नाही हे बघण्यात तिचं लक्ष असतं. काकांचं तसं नाही. ते मागून चेहरा घुसवून म्हणतात, "अजून चालूच आहे का तुझं? अरे, आमच्या वेळेला तर अख्खा कालवा एवढ्या वर्षांत खणून झाला असता." कालवा खणायला किती वर्षं लागली हे मला नक्की माहीत आहे, तोच माझा विषय आहे. पण काकांना ते सांगण्यात अर्थ नसतो. नाहीतर ते म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हतो?

ऑगस्टचा मध्य आला की सुख संपायला लागतं, पण जाता जाता मोठी जत्रा भरवून जातं. मॅडिसनमध्ये भाड्याच्या घरांचे बरेचसे करार १४ ऑगस्टला संपतात आणि नवे १५ ऑगस्टला सुरू होतात. मधल्या रात्री निम्मं गाव बेघर. तिकडे सगळे स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा पाठवत असतात आणि इकडे कोल्हापूरचा गडी कुकर, कुकरची शिट्टी आणि गणपतीची मूर्ती छातीशी धरून फुटपाथवर बसलेला असतो. पण घर सोडणारी मुलं नको असलेलं सगळं सामान रस्त्याच्या कडेला मांडून जातात. टेबलं, दिवे, मायक्रोवेव्ह, आरसे, न उघडलेली नूडल्सची खोकी. इथे याला 'हिप्पी ख्रिसमस' म्हणतात. आपल्या मुलांसाठी ही दसरा-दिवाळीच.

एका वर्षी जॉन्सन स्ट्रीटवर आम्हाला सोफा दिसला. हिरव्या मखमलीचा, तीन माणसं ऐसपैस बसतील असा. नागपूरकराने त्याभोवती फेरी मारली. "काऊन बे, इतका चांगला सोफा टाकून देल्ला?" ढेकणांची भीती होतीच. रसायनवाल्याने मोबाइलचा टॉर्च लावून शिवणी तपासल्या, अर्थशास्त्रवाल्याने फुकट वस्तूची खरी किंमत काय यावर बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात शेजारी दोन चिनी मुलं येऊन उभी राहिली आणि सोफ्याकडे बघू लागली. अर्थशास्त्र जागीच थांबलं. आम्ही तिघेही एकदम सोफ्यावर बसलो. बराच वेळ बसूनच राहिलो, कारण उठलो तर हक्क जाईल आणि न उठता सोफा उचलता येत नाही. शेवटी आळीपाळीने एकेकाला बसवून तो नव्या घरापर्यंत नेला. तो दारातून आत जाणारा नव्हता ही गोष्ट वेगळी. पण रात्रभर अंगणात त्यावर झोपलो, नाहीतरी घर सकाळीच मिळणार होतं.

मग ज्युनियर येतात. नवे विद्यार्थी, मुंबईहून, पुण्याहून, थेट नव्या बुटांत. त्यांना बसस्टॉपवर आणायला जाणं, दोन दिवस आपल्या घरी ठेवून घेणं, बँकेत खातं उघडून देणं ही सीनियरांची परंपरा आहे. तीत निःस्वार्थ सेवाभाव असतो असं ज्युनियरला पहिले चार तास वाटतं. मग तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा उघडल्या जातात आणि आम्ही तिघे गुडघ्यावर बसून, गोडा मसाला, मेतकूट, चकली, भाकरवडी या क्रमाने त्याची विचारपूस करतो. त्याच्या आईने हे सगळं सेमिस्टरभर पुरेल अशा हिशोबाने दिलेलं असतं. ते सेमिस्टर सुरू होण्याआधीच संपतं.

आणि सेमिस्टर सुरू होतं. रस्त्यावर एकदम हजारो अठरा वर्षांची मुलं दिसू लागतात, टेरेसवर खुर्ची मिळत नाही, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मला आठवड्याच्या शिकवण्या, तपासायचे निबंध, मेलवर 'शुक्रवारऐवजी सोमवारी दिलं तर चालेल का?' विचारणारी मुलं. कुणाला वाटेल की मला वाईट वाटत असेल. अजिबात नाही. सप्टेंबरमध्ये मी जेवढा मोकळा असतो तेवढा वर्षभर कधीच नसतो. कारण आता प्रबंध न लिहिण्याला सज्जड कारण असतं: शिकवायचं असतं. जूनमध्ये टेरेसवर बसायचं तर आत कुठेतरी टोचत असतं. सप्टेंबरमध्ये निबंध तपासत बसलं की टोचणी बंद. सेमिस्टरभर 'उन्हाळ्यात लिहीन' म्हणायचं आणि उन्हाळाभर 'सेमिस्टरची शिस्त लागली की लिहीन' म्हणायचं, या दोन खांबांवर अमेरिकेतली उच्च विद्या उभी आहे. यातला एक जरी खांब काढला, तरी लोकांचे प्रबंध पुरे होतील आणि विद्यापीठांना स्वस्तात शिकवणारं कुणी उरणार नाही.

आमच्याकडे सप्टेंबरमध्ये एक फॉर्म भरायचा असतो. त्यात रकाना आहे: 'उन्हाळ्यातली प्रगती'. तो भरण्यात मी आता तरबेज झालो आहे. 'गोड्या पाण्याच्या साठ्याचं दीर्घकालीन निरीक्षण. शेतमालाच्या थेट विक्रीव्यवस्थेचा अभ्यास. दुग्धव्यवसायातल्या गुणवत्ता-चाचणीच्या इतिहासाची प्राथमिक पाहणी. शीतयुद्धकालीन अन्नमदतीतून आलेल्या दुर्लक्षित ग्रंथसंग्रहाचं वाचन. शहरी घरभाडे करार आणि सामुदायिक मालमत्तेवरील हक्क यांचा क्षेत्रीय अनुभव.' यातलं एकही वाक्य खोटं नाही.

अ‍ॅडव्हायझरांनी चष्मा कपाळावर सरकवून तो फॉर्म सावकाश वाचला. दुग्धव्यवसायाच्या ओळीवर थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. मग ड्रॉवरमधून त्यांचा स्वतःचा फॉर्म काढला. त्यांचा रकाना कोराच होता. म्हणाले, "ते 'दीर्घकालीन निरीक्षण' मी वापरलं तर तुझी हरकत नाही ना?"